पुन्हा उपसलेले खड्ग

गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव ‘विषादयोग’ असे आहे. पुढील अध्यायांकडे वळण्याच्या घाईत आपण त्याच्या शेवटाशी फारसे थांबत नाही. तेथे अर्जुन केवळ ‘युद्ध नको’ एवढेच म्हणत नाही. आपण निःशस्त्र व प्रतिकारशून्य असताना कौरवांनी आपल्याला मारावे, तेच अधिक कल्याणाचे, असे तो स्पष्ट बोलतो. त्या युगातील श्रेष्ठ धनुर्धराच्या मुखातील ही मरणेच्छा होय. असे असूनही एखाद्या सैनिकाने जीव दिला असे कानी येताच, ‘मनाचा दुबळा असावा’ असा निर्णय देऊन आपण किती सहज मोकळे होतो!

काही वर्षांपूर्वी अशाच एका घरी सांत्वनासाठी गेलो होतो. आलेल्यांपैकी एका विद्वान गृहस्थांनी ईशावास्योपनिषदातील ‘आत्महन्’ जनांच्या अंधःकारमय लोकांचे वर्णन त्या जवानाच्या मातेसमोरच आरंभिले. मी गप्प बसलो, याची खंत अद्याप वाटते. शंकराचार्यांनी त्या शब्दाचा अर्थ देहघात करणारे असा केलेला नाही. स्वस्वरूपाविषयी जे अज्ञानी, ते सर्व ‘आत्महन्’ होत. अर्थात सांत्वनाला जमलेले आम्हीही त्यांतच येतो.

या प्रश्नाचा खरा विचार महाभारताच्या कर्णपर्वात आढळतो. कर्णाच्या बाणांनी विद्ध झालेला युधिष्ठिर शिबिरात पडला होता. अर्जुन भेटीस आला तो कर्णाला मारूनच, असे त्याला वाटले. तसे झाले नाही हे कळताच त्याचा तोल सुटला आणि ‘गांडीव दुसऱ्याला देऊन टाक’ असे तो म्हणाला. असे म्हणणाऱ्याचा वध करण्याची अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा होती. त्याने खड्ग उपसले. वडील बंधूला अवमानाने ‘तू’ म्हणणे हाच त्याचा वध, असा मार्ग काढून श्रीकृष्णाने तो प्रसंग टाळला. परंतु ते कठोर शब्द उच्चारून झाल्यावर अर्जुनाने खड्ग पुन्हा उपसले, आणि या वेळी ते स्वतःसाठी होते.

श्रीकृष्णाने येथे काय केले, हे वाचकांनी सावकाश पाहावे. खड्ग पुन्हा का उपसलेस, असे त्याने सरळ विचारले. उत्तर मागितले, आणि ते ऐकल्यावर हिताचे सांगेन असेही म्हटले. ज्या देहाने हे पाप घडले तो नष्ट करतो, असे अर्जुनाने सांगून टाकले. आत्मघाताने घोर नरक मिळतो हे श्रीकृष्णही बोलला, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. पण तो तेथे थांबला नाही. त्याच श्वासात त्याने अर्जुनाच्या हाती दुसरे कर्म दिले: स्वतःचे गुण स्वमुखाने सांग, आत्मप्रशंसा हाच आत्मवध होय. मरायला निघालेल्याला आपले गुण आठवावयास लावणे, यातील मर्मज्ञता मला भाषांतर करताना प्रथम जाणवली.

अमेरिकेत कोलोराडो राज्यातील फोर्ट कार्सन या लष्करी छावणीत क्रेग ब्रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग येथे आठवतो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात 97 सैनिक होते. काहींकडून ‘मी जिवाचे बरेवाईट करणार नाही’ असे वचन घेण्यात आले. इतरांनी एका लहानशा कार्डावर स्वहस्ते लिहिले: मन ढासळू लागल्याची माझी खूण कोणती, त्या वेळी मी काय करीन, कोणाला हाक मारीन. सहा महिन्यांत दुसऱ्या गटातील आत्मघाताचे प्रयत्न 76 टक्क्यांनी कमी आढळले. जो आधीच प्रतिज्ञांच्या बंधनात घुसमटला आहे, त्याला आणखी एक प्रतिज्ञा घालून काय लाभ?

इस्राएलच्या सैन्याने 2006 मध्ये याहून साधा उपाय केला. आठवड्याच्या सुट्टीसाठी घरी जाणाऱ्या सैनिकांनी शस्त्र छावणीतच ठेवून जावे, असा नियम झाला. त्यानंतर आत्मघातांचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी उतरले. ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. इतर दिवशी विशेष फरक पडला नाही. ती लाट बहुधा अल्पकाळाची असते. तेवढा वेळ खड्ग दूर राहिले पाहिजे.

आपल्या देशात 1 डिसेंबर 2023 रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी ‘टेलि-मानस’चा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. सर्वसामान्य नागरिकांनाही 14416 या क्रमांकावर ही सेवा मिळते. परंतु दूरध्वनी उचलण्यापूर्वी जवानाच्या मनात येते ते हेच, की वरिष्ठांना कळले तर काय म्हणतील. येथे युधिष्ठिराचा विचार करावा लागतो. त्या दिवशीच्या अनर्थाचा आरंभ ज्येष्ठाच्याच एका शब्दातून झाला होता. अर्जुन शांत झाल्यावर अपमानित युधिष्ठिर वनात जावयास निघाला, तेव्हा श्रीकृष्णाने त्याचेही पाय धरले. कर्ण रणात उभा होता, दिवस सरत चालला होता. तरी दोघे भाऊ एकमेकांना मिठी मारून रडेपर्यंत दारुकाला रथ जोडण्याची आज्ञा झाली नाही.