यंत्रानें काम गेल्यावर शिकविण्याचें ऋण कोणावर?

फोंडाघाट व आसपासच्या गांवांतून पूर्वीं पुष्कळ तरुण मुंबईच्या गिरण्यांत कामाला जात. घरची भातशेती थोडी, खाणारीं तोंडें पुष्कळ. म्हणून चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर घरची चूल पेटे. अशा घरांस पुढील प्रश्न परका नाहीं: यंत्र माणसाचें काम घेतें, तेव्हां त्या माणसास दुसरें काम शिकविणें ही दया आहे, कीं न्याय आहे?

कित्येक म्हणतात कीं, यंत्र येणें हा काळाचा महिमा आहे. ज्यानें त्यानें आपली सोय पाहावी. ह्या म्हणण्यांत थोडें तथ्य आहे. यंत्र स्वतः वाईट नव्हे. काजू फोडणाऱ्या बायांचे हात टरफलांतील तेलानें कसे भाजतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. फोडणें, सोलणें व प्रत लावणें हीं कामें करणारीं यंत्रें आतां कारखान्यांत येत आहेत, आणि त्यांमुळें ते हात वांचतील. परंतु हात वांचले आणि भाकरी गेली, तर त्या बाईनें कोणाचे आभार मानावे? यंत्राचा लाभ मालकास व स्वस्त माल घेणाऱ्या सर्वांस मिळतो. तोटा मात्र तिच्या एकटीच्या पदरीं पडतो. जेथें पुष्कळांचें सुख थोडक्यांच्या हानीवर उभें राहतें, तेथें ती हानि भरून देणें म्हणजे भिक्षा घालणें नव्हे. तें देणें फेडणें होय.

मुंबईच्या गिरण्यांकडे पाहा. १९२८ सालीं विणकरानें दोन मागांऐवजीं तीन माग सांभाळावे असा बेत निघाला. एकानें अधिक माग चालविले तर सोबत्याचें काम जाणार, हें मजुरांस दिसत होतें. त्या वर्षींचा संप सुमारें सहा महिने चालला. त्याच वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आणखी एक अन्याय पुढें मांडिला. विणखात्यांत मजुरी अधिक, पण अस्पृश्य मानिलेल्यांस तेथें प्रवेश नसे. कारण धोट्यांतील दोरा तोंडानें ओढावा लागे, आणि इतर मजूर विटाळ मानीत. म्हणजे हात कुशल असूनही हुन्नराचें दार बंद. ह्यावरून दिसतें कीं, शिक्षण द्यावें एवढें म्हणणें पुरें नाहीं; तें कोणास मिळतें, हेंही विचारिलें पाहिजे.

पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं पगार व बोनसासाठीं सुमारें अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, आणि पुष्कळ माणसें रिकाम्या हातांनीं कोंकणांत परतलीं. बंद गिरण्यांच्या कामगारांसाठीं सरकारनें १९८६ सालीं निधि काढिला. त्यांतून पहिल्या वर्षीं पगाराचे ७५ टक्के, दुसऱ्या वर्षीं ५० व तिसऱ्या वर्षीं २५ टक्के देण्याची योजना होती. १९९२ सालीं राष्ट्रीय नूतनीकरण निधि स्थापन झाला. कामगारांस नवें काम शिकविणें हा त्याचा एक हेतु होता. परंतु बहुतेक पैसा सरकारी उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा देण्यांतच खर्च झाला. रोख रक्कम घरदुरुस्तींत, लग्नांत व कर्जांत संपते. हुन्नर मात्र मरेपर्यंत सोबत राहतो.

कोणी म्हणेल, चाळिशी उलटलेला माणूस आतां काय शिकणार? त्यास आमचें उत्तर असें कीं, नांगर सोडून गेलेला कोंकणी शेतकरी मुंबईस माग चालवावयास शिकलाच ना? त्यास शिकविणारा भेटला, आणि शिकल्यावर कामही मिळालें. ह्या दोहोंपैकीं एक नसेल तर दुसरें व्यर्थ. काम नसतां नुसता दाखला देणें म्हणजे भुकेल्यास रिकामें ताट वाढणें होय.

म्हणून शिक्षण यंत्र येण्याच्या आधीं सुरू व्हावें, आणि शिकण्याच्या काळांत मजुरी चालू असावी. तें गांवाजवळ, मराठींत आणि घरकाम करणाऱ्या बायांस जमेल अशा वेळीं मिळावें. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत बहुतेक धंद्यांस दहावीपर्यंतचें शिक्षण लागतें. ज्यांची शाळा लवकर सुटली त्यांच्यासाठीं निराळी वाट पाहिजे. जी बाई वीस वर्षें काजू फोडीत आली, तिला मालाची पारख आहे. यंत्र चालविण्यास व त्याची निगा राखण्यास तिलाच आधीं बोलवावें. खर्चाचा भार मालक व सरकार ह्यांनीं वांटून घ्यावा, कारण लाभ दोघांसही आहे.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यांतील मजूर दिवसभर बाजारांत उभे होते, ते आळशी म्हणून नव्हे. त्यांस कोणी बोलाविलें नव्हतें म्हणून. आपल्या गांवांतील बेकारास आळशी म्हणण्यापूर्वीं ही गोष्ट स्मरावी. उपदेशक बंधूंनीं शिक्षणवर्गांच्या सूचना मंडळींत वाचून दाखवाव्या, अर्ज लिहून द्यावे, आणि कारखान्यांत यंत्र येणार असें कळतांच मालकास नम्रपणें विचारावें: ह्या माणसांस आपण काय शिकविणार? हा प्रश्न यंत्र बसण्यापूर्वीं विचारिला तरच त्याचा उपयोग आहे.