पळस कोणाचा?



फाल्गुन लागला की ग्वाल्हेरहून शिवपुरीकडे जाताना जागोजागी पळस फुललेला दिसतो. इकडे त्याला टेसू म्हणतात. मागच्या वर्षी आम्ही लष्करातली चार-पाच मंडळी सुलतानगढच्या धबधब्यावर गेलो होतो. पावसाळ्यात धडधडणारी पार्वती नदी तेव्हा बारीक धारेने खडकावरून उतरत होती. वाटेवरच्या पळसाला पान एक नाही, नुसती केशरी फुलं.

मला मोह झाला. संध्याकाळी सत्संग होता, पूजेला होतील म्हणून दोन भरलेल्या फांद्या मोडल्या. घरी पोहोचेपर्यंत फुलं मलूल झाली. मन म्हणालं, "देवासाठीच तर तोडली, बिघडलं काय?"

बिघडलं ते असं. पळसाला वास नाही, पण मध भरपूर. उन्हाच्या तोंडावर मैना, शिंजीर त्या मधावर येतात आणि त्यांच्यामुळेच झाडाला शेंग धरते. त्या शेंगेतही बी एकच! म्हणजे मी मांडलेल्या पंगतीतलं ताट उचलून देवाला नैवेद्य दाखवला.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत सांगतात, भक्तीने दिलेलं पान-फूलही मी स्वीकारतो. पण द्यायचं ते आधी आपलं नको का? ज्यात माझं काहीच गेलं नाही, ते अर्पण कसलं?

कोणी म्हणेल, मग खाली पडलेली वेचा. पण प्राजक्त सोडला तर पडलेलं फूल पूजेला चालत नाही. रंगपंचमीच्या रंगाला मात्र ती उत्तम. रात्री गरम पाण्यात भिजवली की सकाळी केशरी रंग तयार. पूजेला आपल्या कुंडीतलं एक फूल पुरे. आणि रानातलं? ते फांदीवरच ठेवून मनाने वाहावं.

मानसपूजा म्हणजे फुकटची पूजा, असं मला वाटायचं. तसं नाही. पुढे गेलेला हात मागे घेताना जे सुटतं, तेवढंच खरं आपलं असतं. तेच वाहायचं.

कुठेही जा, पळसाला पानं तीनच. लोभाचंही तसंच, बाजारात असतो तोच आपल्याबरोबर रानात येतो. या फाल्गुनात रानात जाल तेव्हा एवढी साधना करून पाहा: डोळे भरून या, हात रिकामे आणा. 🙏