रेघ कुठून ओढायची

पनवेलच्या तहसील कचेरीबाहेर ‘वंशावळ’ हा शब्द रोज कानावर पडतो. सातबाऱ्यावर वारसांची नोंद, जातपडताळणी, सिडकोने घेतलेल्या जमिनीपोटी मिळणारा साडेबारा टक्क्यांचा भूखंड, काम कुठलंही असो, पणज्यापासून खाली उतरणाऱ्या रेघा काढून द्याव्या लागतात. तो कागद पाहिला की मला याच मुलखावर राज्य करून गेलेले उत्तर कोकणचे शिलाहार आठवतात.

कान्हेरीच्या लेण्यांत या घराण्याचे सुरुवातीचे शिलालेख आहेत. पहिला 843 सालचा, पुलशक्तीच्या काळातला. तिथे त्याचा मान राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचा मांडलिक म्हणून आहे. मालक भक्कम असताना आपण कुणाचे वंशज हे सांगत बसायची फारशी गरज नसते.

973 साली चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता मोडली आणि शिलाहारांच्या डोक्यावरचं छत्र गेलं. शिलाहार राजा अपराजिताचा 997 सालचा भादाण ताम्रपट याच्या नंतरचा. त्यात आधी राष्ट्रकूटांची पिढीवार यादी येते, मग त्यांच्या अस्ताची हळहळ आणि त्यानंतर स्वतःचं कुळ, थेट विद्याधर जीमूतवाहनापासून. शंखचूड नागाला वाचवण्यासाठी गरुडापुढे शिळेवर स्वतःचा देह ठेवणारा हा राजपुत्र त्यांचा मूळपुरुष ठरला. त्या शिळेशी कुळाच्या नावाचा संबंध जोडला गेला आणि ध्वजावर सोनेरी गरुड फडकला. याला मी थाप म्हणणार नाही. ज्याच्या नावाने राज्य करायचं तोच नाहीसा झाला की माणूस आधार शोधतो आणि तो मागे, पूर्वजांत शोधतो. या ताम्रपटातली जुन्या स्वामीची आठवण मला खरी वाटते, आणि तिच्याखालची धास्तीही.

पण जीमूतवाहन सगळ्याच भावांचा पूर्वज. तो परक्यांपुढे उपयोगी पडतो, घरातला तंटा सोडवत नाही. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणि हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. अंबरनाथच्या शिवमंदिरात 1060 सालचा लेख आहे तो मुम्मुणीचा. पुढे नागार्जुनाच्या मुलाने, अनंतदेवाने, 1094 च्या खारेपाटण ताम्रपटात हीच वंशावळ पुन्हा कोरली. मात्र तिच्या पोटात भाऊबंदकी आहे. दायादांच्या वैराच्या काळात कोकणभूमी उद्ध्वस्त करणाऱ्यांचा आपण निःपात केला, असं तो सांगतो. दायाद म्हणजे वारशातला वाटेकरी. त्याच ताम्रपटात ठाणे, सोपारा, चेमुली म्हणजे चौल या बंदरांत येणाऱ्या जहाजांच्या जकातीची माफी आहे. भांडण कशासाठी होतं, ते त्या बंदरांच्या नावांवरून कळतं.

ही सगळी मालिका बापाकडून मुलाकडे, भावाकडून भावाकडे. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर हिशेब निराळा होता. तिथे आईच्या रक्तानेही दर्जा ठरे. तिथल्या कामेहामेहा राजाने 1782 च्या लढाईत आपला चुलतभाऊ किवालाओ याचा पाडाव केला, किवालाओ त्यात मारला गेला. आणि पुढे 1810 पर्यंत सारी बेटं एका सत्तेखाली आली. तरी कुळाचा सर्वोच्च मान कामेहामेहाकडे नव्हता. तो होता किवालाओच्या मुलीकडे, केओपुओलानीकडे. तिच्याशी विवाह करून कामेहामेहाने तो मान आपल्या मुलांना मिळवून दिला. त्यांचा मुलगा लिहोलिहो 1819 साली गादीवर आला. तलवारीने बेटं मिळाली, वंशावळ मात्र तिच्याकडून घ्यावी लागली.

आपल्याकडे मुलीची रेघ कागदावर यायला कायदा लागला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हिस्सा महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, केंद्राने 2005 मध्ये. आता तहसील कचेरीबाहेरच्या त्या कागदावर आत्यांची, बहिणींची नावं असतात, लग्नानंतरच्या आडनावासकट. त्यांच्याशिवाय वंशावळ पुरी होत नाही.

माझ्या आत्याचं नावही असंच आमच्या वंशावळीत पहिल्यांदा लिहिलं गेलं. तिने कागद हातात घेतला, आजोबांपासून आपल्यापर्यंत आलेल्या रेघेवरून बोट फिरवलं आणि नाव नीट लिहिलंय ना, असं विचारलं. त्यानंतर तिच्यापुढे दुसरा कागद ठेवला गेला. तो हक्कसोडपत्राचा होता.