माणसावर विश्वास किती ठेवावा?

उर्दू माध्यमाच्या वर्गात आम्ही शिक्षक मुलांना दोन गोष्टी एकाच दमात सांगतो. स्वतःवर विश्वास ठेवा आणि स्वतःच्या मनापासून सावध राहा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन रोमँटिक साहित्य याच प्रश्नावर दुभंगले होते.

एका बाजूला होते इमर्सन आणि थोरो. माणसाच्या आत ईश्वरी प्रकाश आहे, त्याचा आवाज ऐकला की माणूस योग्य मार्गाला लागतो, ही इमर्सनची श्रद्धा. सादी आणि हाफिज त्याने जर्मन अनुवादांतून वाचले होते. ‘गुलिस्ताँ’च्या 1865च्या अमेरिकन आवृत्तीला त्याची प्रस्तावना आहे. हा आशावाद सुखवस्तू माणसाचा नव्हता. 1831 साली त्याची पत्नी वारली, 1842 साली पाच वर्षांचा मुलगा गेला. तरीही त्याने उजेडाची बाजू सोडली नाही.

दुसऱ्या बाजूला पो, मेलव्हिल आणि हॉथॉर्न. वाईट आहे हे ठाऊक असूनही, किंबहुना म्हणूनच, माणूस ते करतो, असे पो दाखवतो. हॉथॉर्नच्या एका कथेत सुधारक जगातील सगळ्या वाईट वस्तू होळीत टाकतात. जळायचे राहते ते फक्त माणसाचे हृदय. हे त्याला घरातूनच कळले होते. 1692 साली सेलम गावात चेटकीण ठरवून एकोणीस जणांना फाशी दिले गेले. त्या खटल्यांतील एक न्यायाधीश हॉथॉर्नचा पूर्वज होता. त्या न्यायाधीशांना आपल्या सज्जनपणाविषयी तिळमात्र शंका नव्हती, हीच त्यातली भीषण गोष्ट.

मग अंधार पाहणारेच खरे शहाणे का? इतिहास तसे म्हणू देत नाही. गुलामगिरीला विरोध म्हणून थोरोने कर भरला नाही आणि 1846 साली एक रात्र तुरुंगात काढली. पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याचा कायदा 1850 साली आला, तेव्हा इमर्सन त्याविरुद्ध जाहीरपणे बोलला. हॉथॉर्नने मात्र 1852 साली त्या कायद्याचे समर्थन करणाऱ्या पिअर्सचे प्रचार-चरित्र लिहिले. गुलामगिरी माणसाच्या उपायांनी जाणार नाही, ईश्वरी योजनेने केव्हातरी आपोआप जाईल, असा सूर त्याने त्यात लावला. माणसाच्या दोषांची एवढी जाण असलेला लेखक अन्यायासमोर हात बांधून बसला.

आम्हांला वाटते, चूक उजेडाची किंवा अंधाराची नसते; कोणता दिवा कुठे धरायचा, याची असते. आपण बहुधा उलटे करतो. आपली माणसे तेवढी निर्मळ आणि पलीकडची सगळी पापी, असे मानतो. सेलमच्या न्यायाधीशांनी याहून वेगळे काय केले? समोरच्या माणसाकडे, मग तो वर्गातला ‘वाया गेलेला’ मुलगा असो की परक्या मोहल्ल्यातला शेजारी, इमर्सनच्या नजरेने पाहावे. स्वतःकडे हॉथॉर्नच्या नजरेने पाहावे. मात्र डोळ्यांदेखत कुणावर जुलूम होत असेल, तर ‘माणूस असाच असतो’ ही सबब पुढे करू नये. तिथे थोरोसारखे उठावे लागते, स्वतःचे मन तपासत तपासत का होईना.