हन्नाचा चेहरा कधी उजळला?

लग्नाला दोन वर्षे झाली की प्रश्न सुरू होतो, "काही गोड बातमी?" पाच वर्षे झाली की प्रश्न थांबतो आणि सल्ले सुरू होतात. दहा वर्षे झाली की सल्लेही थांबतात. मग आपण खोलीत शिरलो की चाललेले बोलणेच थांबते. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या लग्नाला यंदा १४ वर्षे होतील. आम्हाला मूल नाही.

मूल नसण्याचे दुःख मोठे आहेच. पण विश्वासणाऱ्याला त्याहून खोल रुतणारा आणखी एक काटा असतो. एका प्रार्थनासभेनंतर वडीलधाऱ्या बहिणीने माझा हात हातात घेऊन विचारले, "विश्वास कुठे कमी पडतोय, शोधलंस का?" त्यांच्या मनात वाईट नव्हते. पण त्या रात्रीपासून माझी प्रार्थना संपली आणि विश्वासाचे मोजमाप सुरू झाले. उपास वाढवले, पहाटे उठणे वाढवले. दर महिन्याला पाळी आली की उत्तर ठरलेले असे : अजून कमी पडते आहे.

म्हणून आज हा प्रश्न सरळ विचारू या. मूल न होणे हा आपल्या विश्वासावर देवाने दिलेला निकाल आहे का? आणि नसेल, तर आशा कशाची धरायची?

कमीपणा कोणापुढे?

लूककृत शुभवर्तमानाच्या आरंभी जखऱ्या याजक आणि त्याची पत्नी अलीशिबा भेटतात. लूक आधी सांगतो की ती दोघे देवाच्या दृष्टीने नीतिमान होती, त्याच्या आज्ञा पाळण्यात निर्दोष होती. आणि लगेच पुढे सांगतो की त्यांना मूल नव्हते व दोघेही वयोवृद्ध झाली होती. या दोन गोष्टी त्याने शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. पहिली खरी असताना दुसरीही खरी असू शकते. पुढे दिवस गेल्यावर अलीशिबा म्हणते की, लोकांमध्ये माझा जो कमीपणा होता तो प्रभूने दूर केला. लोकांमध्ये! देवापुढे तो कधी नव्हताच.

योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने दोन्ही पर्याय नाकारले. दुःख दिसले की दोषी शोधायचा, ही सवय शिष्यांची होती, गुरूची नव्हती.

शरीराची बाजूही स्वच्छपणे पाहावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे साधारण सहातील एकाला, आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. कारण स्त्रीमध्ये असू शकते, पुरुषामध्ये असू शकते, दोघांमध्येही असू शकते. कधी सगळ्या तपासण्या करूनही ते सापडत नाही. तरी आपल्या घरांत पहिला बोट दाखवला जातो तो सुनेकडे. आणि नवऱ्याच्या दुःखाला तर कोणी विचारतही नाही. माझे यजमान बारशाच्या घरी पेढे वाटायला सर्वांत पुढे असत आणि परतताना रस्ताभर गप्प असत. ते मला फार उशिरा कळले.

हन्नाची प्रार्थना

एलकाना दर वर्षी कुटुंबासह शिलो येथे उपासनेला जात असे. त्याची दुसरी पत्नी पनिन्ना हिला मुले होती, हन्नेला नव्हती. पनिन्ना तिला टोचून बोले, आणि तेही वर्षानुवर्षे, नेमके देवाच्या घरी जाण्याच्या वेळी. सणाच्या जेवणात हन्ना रडत असे आणि तिला घास उतरत नसे. मंडळीत मातृदिनाला सगळ्या आयांना उभे करून फूल देतात, तेव्हा बाकावर बसून राहिलेल्या बहिणीला ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागत नाही.

एलकानाचे तिच्यावर प्रेम होते. तो म्हणतो की, मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही का? बोलणे प्रेमाचेच आहे. पण त्यात तिचे दुःख ऐकून घेतलेले नाही. आणि एली याजकाला तर मंदिरात ओठ हलवणारी ही स्त्री दारू प्यालेली वाटली. प्रेम करणारा समजू शकला नाही आणि धर्मसेवकाने चुकीचा अर्थ लावला. तरी हन्ना देवापुढून उठून गेली नाही. तिने नटवलेली प्रार्थना केली नाही. मनातला सगळा क्लेश तिने जसाच्या तसा ओतला.

कोणी म्हणेल, पण तिने नवस केलाच ना? केला. मात्र त्या नवसाचा अर्थ पाहा. तिने मुलगा मागितला आणि त्याच दमात तो देवाला देऊनही टाकला. मांडीवर ठेवून मिरवायला, पनिन्नेचे तोंड बंद करायला तिने तो मागितला नाही.

आता ज्या ओळीशी मी कित्येक महिने थांबून राहिले, ती गोष्ट. एलीने तिला शांतीने जा असा आशीर्वाद दिला. ती उठली, तिने अन्न खाल्ले आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. शमुवेल त्यानंतर जन्मला. तिचा चेहरा उजळला तेव्हा तिची कूस रिकामीच होती. तिला तारीख मिळाली नव्हती, खूण मिळाली नव्हती. तिचे ओझे फक्त तिच्या एकटीचे उरले नव्हते.

आणि मूल झालेच नाही तर?

साक्षीच्या सभेत आपण ज्या गोष्टी ऐकतो, त्यांच्या शेवटी पाळणा हलतो. त्या साक्षी खऱ्या आहेत. त्यांबद्दल देवाची स्तुती असो. पण ज्यांच्या घरी पाळणा हललाच नाही, त्यांच्या विश्वासाचे काय?

गेथशेमाने बागेत येशूने प्याला दूर व्हावा म्हणून पित्याला विनवले. तो दूर झाला नाही. मागितलेले न मिळणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे आपण म्हणू लागलो तर ते देवाच्या पुत्राबद्दलही म्हणावे लागेल. पौलाने शरीरातील काट्यासाठी तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपाही राहिली. आणि यशयाच्या ५६ व्या अध्यायात ज्यांना कधीच संतती होणार नाही अशा षंढांना परमेश्वर आपल्या घरात, मुलामुलींहून उत्तम असे नाव देण्याचे वचन देतो. तेथे संततीचे वचन नाही. घराचे आहे, नावाचे आहे.

म्हणून ख्रिस्ती आशा म्हणजे "मूल होईलच" अशी खात्री नव्हे. जो रडणाऱ्यांबरोबर रडला आणि मेलेल्यांतून उठला, तो मला सोडणार नाही, ही खात्री म्हणजे आशा. ही आशा धरून उपचार घेता येतात. दवाखान्यात जाणे हे अविश्वासाचे लक्षण नाही. ही आशा धरून उपचार थांबवताही येतात. तो पराभव नाही. दत्तकाचा मार्गही आहे. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा ख्रिस्ती कुटुंबांना लागू नाही. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार कोणत्याही धर्माच्या दांपत्याला रीतसर मूल दत्तक घेता येते. मात्र एक सांभाळावे : अनाथ लेकरू हे आपल्या जखमेवरचे मलम नव्हे. त्याला आईबाप हवे आहेत, हे पहिले कारण असावे.

मंडळीला एक विनंती

मूल नसलेल्या जोडप्याला कारण विचारू नका, उपायही सांगू नका. बारशाचे, बाप्तिस्म्याचे आमंत्रण जरूर द्या, आणि ती आली नाहीत तर मनात धरू नका. पत्नीसाठी प्रार्थना करताना पतीचेही नाव घ्या. एलीला चूक कळताच त्याने शब्द फिरवला आणि आशीर्वाद दिला. आपल्यालाही ते जमेल.

गेल्या मातृदिनाला मी नेहमीप्रमाणे बसून राहिले. माझ्या शाब्बाथ शाळेच्या वर्गातली एक मुलगी आपल्या आईचे फूल घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवून पळाली. मी रडले, हे लपवत नाही. पण त्या दिवशी घरी येऊन आम्ही दोघे पोटभर जेवलो.

हे प्रभू, ज्यांची कूस आणि ओंजळ आज रिकामी आहे त्यांच्याजवळ बस. आमच्या शब्दांनी ज्यांना दुखावले त्यांची क्षमा मागण्याचे धैर्य आम्हाला दे. आणि उत्तर येण्याआधीच आमचा चेहरा तुझ्याकडे वळव. आमेन.