सही केली म्हणजे संमती झाली का?



ट्रॅक्टरच्या कर्जासाठी पेडगावचा शेतकरी दहा-बारा ठिकाणी सह्या करतो. 'अटी वाचल्या, मान्य आहेत' हे आधीच छापलेले असते. पेरणी तोंडावर आल्यावर कोण वाचत बसणार? पुढे अन्याय झाला की आपणच म्हणतो, सही केली होती ना!

आम्हाला हे पटत नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात मजुरीविषयी लिहिताना सांगितले की, राजीखुशीच्या कराराहूनही नैसर्गिक न्याय मोठा. गरजेपोटी कठोर अट पत्करणारा माणूस अन्यायाचाच बळी असतो. पाडव्याला उचल घेऊन साल ठरवणाऱ्या सालगड्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कर्जदार ग्राहकाची गत वेगळी आहे काय?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अनुचित करारा'ची व्याख्या केली आहे. नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड, ठरलेला दंड भरण्याची तयारी असूनही मुदतीआधी कर्जफेड न स्वीकारणे, सबळ कारणाविना एकतर्फी करार मोडणे, हे सारे त्यात येते. सही असली तरी राज्य आयोग अशा अटी रद्दबातल ठरवू शकतो. जिल्हा आयोगाला मात्र तो अधिकार नाही. गरिबाच्या दृष्टीने ही उणीवच म्हणायची. कराराची प्रत तेवढी मागून घ्या, घरी जपून ठेवा. वाचायला अडचण असेल तर रविवारी मिस्सानंतर घेऊन या, आपण मिळून वाचू.