टक्के आणि गुंठे

कुरवंडे गाव सह्याद्रीच्या ऐन कड्यावर. शेजारी नागफणीचा सुळका, खाली कोकण. पावसाळ्यात इथे दिवसच्या दिवस सूर्यदर्शन होत नाही. लोणावळ्याच्या या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उन्हापासून इंधन करण्याची गोष्ट इथून सुरू करणे विचित्र वाटेल. पण ऊन साठवून ठेवण्याचा व्यवहार या टापूला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. पाऊस म्हणजे तरी काय, सूर्याने समुद्रातून उचललेले पाणी. टाटांनी ते लोणावळा, वळवण, शिरवता इथल्या तलावांत अडवले, सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडले आणि 1915 पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. चार महिन्यांची कमाई बारा महिने पुरवायची, एवढेच त्यामागचे गणित.

त्याच सुमारास, 1912 साली, जाकोमो चामिचान या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या व्याख्यानात दुसरा मार्ग सुचवला. कोळसा संपणार आहे, तेव्हा उन्हालाच रासायनिक कामाला लावा. त्यासाठी त्याने जागाही सुचवली होती: जिथे काही पिकत नाही अशी ओसाड जमीन. पुढची साठ वर्षे ही कल्पना बहुतांशी कागदावरच राहिली.

1967 मध्ये टोकियो विद्यापीठात केनिची होंडा यांचा विद्यार्थी अकिरा फुजिशिमा याने पाण्यात बुडवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर प्रकाश सोडला आणि बुडबुडे येऊ लागले. पाण्याचे विघटन होत होते, पण स्फटिक झिजत नव्हता. 1972 मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आले. पुढे त्याने एक चौरस मीटरचे साधन उन्हात ठेवले, तेव्हा दिवसाकाठी सुमारे सात लिटर हायड्रोजन मिळाला. लिटर ऐकायला बरे वाटतात. वजनात तो एक ग्रॅमही भरत नाही.

अडचण या ऑक्साइडच्या स्वभावातच आहे. त्यातला इलेक्ट्रॉन जागचा हलवायला तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट किंवा त्याहून जास्त ऊर्जेचा प्रकाशकण लागतो. ती ताकद मुख्यतः अतिनील किरणांत असते आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम तीन ते पाच टक्के. म्हणून संशोधनाचा रोख बदलला. पाणी फुटते का, हा प्रश्न मागे पडला. दिसणाऱ्या प्रकाशात फुटते का, हा पुढे आला. पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या सी-मेट संस्थेत भारत काळे आणि सहकाऱ्यांनी सल्फाइड घेऊन उन्हाच्या मदतीने हायड्रोजन सल्फाइड वायूपासून हायड्रोजन काढण्यावर काम केले. जवळच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चिन्नकोंडा गोपीनाथ यांच्या गटाने टायटॅनियम डायऑक्साइड, सोन्याचे अतिसूक्ष्म कण आणि क्वांटम डॉट वापरून ‘कृत्रिम पान’ केले.

मग 2020 साली जपानमध्ये काझुनारी डोमेन यांच्या गटाने स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्ये थोडे ॲल्युमिनियम घातले. या ऑक्साइडने ठरावीक तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशकणांपैकी सुमारे 96 टक्के कामी लावले. याहून पुढे जायला जागाच फारशी नाही. पुढच्या वर्षी याच पदार्थाच्या, उघड्यावर मांडलेल्या शंभर चौरस मीटरच्या पॅनेलचे निष्कर्ष छापून आले. पाण्यातून एकत्रच निघणारे हायड्रोजन आणि ऑक्सिजन स्फोटक असतात, ते पडद्याने सुरक्षित वेगळेही केले. अख्ख्या उन्हाच्या हिशेबाने कार्यक्षमता आली जास्तीत जास्त 0.76 टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला पदार्थाची करामत सांगतो, दुसरा त्यासाठी किती जागा अडेल ते.

ही जागा आपल्या मापात मोजून पाहू. चौरस मीटरवर रोज सरासरी पाच युनिट ऊन धरले, तर 0.76 टक्क्यांनी दिवसाला एक किलो हायड्रोजन काढायला साडेआठ गुंठे लागतील. एक किलोत इंधनघटाची मोटार साधारण शंभर किलोमीटर जाते. पाणी लागेल फक्त नऊ लिटर. कुरवंड्यात त्याची ददात नाही. आजचे सौर पॅनेल आणि इलेक्ट्रोलायझर यांची जोडी हेच काम अर्ध्या-पाऊण गुंठ्याच्या पॅनेलवर करते. प्रकाश-उत्प्रेरकाची, म्हणजे उन्हात पाणी फोडणाऱ्या अशा पदार्थाची, बाजू एवढीच, की पत्र्यावर लावलेली भुकटी स्वस्त पडू शकेल. पण त्यासाठी ती निदान पाच-दहा टक्क्यांवर यायला हवी.

साठवणीला जमीन लागते, हे मावळ-मुळशीला कोणी शिकवायला नको. खोपोलीच्या यशानंतर टाटांनी मुळशीत धरण हाती घेतले आणि 1921 मध्ये आंबेमोहोर पिकवणारी खाचरे वाचवायला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण झालेच. वीज मुंबईला गेली, पाण्याखाली गेली ती मावळ्यांची शेते. चामिचानने ओसाड जमीन मागितली होती. प्रयोगशाळेतल्या पन्नास वर्षांत जमिनीचा तो मुद्दा मागे पडला आणि आता मोठ्या पॅनेलसोबत परत आला आहे. केंद्राच्या 2023 च्या हरित हायड्रोजन अभियानात 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचे उद्दिष्ट आहे. तेव्हा हा हिशेब दूरचा राहिलेला नाही.

म्हणूनच एका टक्क्याचे पाच टक्के करण्याची पाषाण रस्त्यावरची खटपट मला केवळ शास्त्रज्ञांची चढाओढ वाटत नाही. कार्यक्षमता पाचपट झाली की तेवढ्याच इंधनाला जमीन एक पंचमांश लागते. मावळात, जिथे बंगल्यांचे प्लॉट पाडून भातखाचरे आधीच आटत चालली आहेत, तिथे दशांश चिन्हानंतरचा प्रत्येक आकडा कोणाच्या तरी सातबाऱ्याशी जोडलेला आहे.